कंट्रोलर कुणासाठी थांबत नाहीत

म्हात्रे कंट्रोलर आपल्या पहिल्या ट्रेकला एकटेच गेले, पण वेळेवर गेले. आदल्या दिवशी त्यांनी आळीतल्या घराघरांत जाऊन सांगितलं होतं की, रविवारी सकाळी सहाला मारुतीच्या देवळापासून सांकशीच्या किल्ल्यावर निघायचं. सगळ्यांनी हो म्हटलं, कारण पेणला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. रविवारी सहाला देवळापाशी एक कुत्रं होतं आणि तेही झोपलेलं. कंट्रोलरांनी घड्याळ बघितलं, गळ्यातली शिट्टी दोनदा वाजवली आणि निघाले. आमच्या घरातले गृहस्थ जरा वेळाने धापा टाकत तिथं पोचले, तर रस्त्यावर लांब एक टोपी हलताना दिसत होती. यांनी हाका मारल्या. टोपी काही वळली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कंट्रोलरांना विचारलं, एकट्याने जाण्यात काय मजा?

"रिकामी गाडीपन टायमावर सोडायची असते, बाय," ते म्हणाले. "पुढच्या स्टॉपवर कोन उभा असंल, आपल्याला काय ठावं?"

किल्ल्यावर कोण उभं राहणार होतं, ते मी विचारलं नाही. माझे पापड उन्हात होते आणि कावळे माझी वाट बघत होते.

कंट्रोलर हे काही त्यांचं नाव नव्हे, पण खरं नाव पेणमध्ये फक्त लाइटच्या बिलावर येतं. उभी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर काढली. गाडी फलाटाला लावून घ्यायची, ड्रायव्हर-कंडक्टरच्या कागदावर सही करायची आणि वेळ झाली की शिट्टी मारून सोडायची. या शेवटच्या कामात त्यांनी कुणाला दयामाया दाखवली नाही. त्यांच्यामुळे ज्याची गाडी चुकली नाही असा माणूस पेणला शोधावा लागेल. वडखळच्या नाक्यावर ट्रक आडवा झाला होता, असं कुणी रडवेल्या तोंडाने सांगितलं, तर ते म्हणायचे की वडखळला रोज काहीतरी आडवं असतंच, घरातून लवकर निघावं. माझ्या जावेच्या भावाच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी त्यांनी नवऱ्यामुलाशिवाय सोडली. तो पान घ्यायला उतरला होता. बिचारा मुंडावळ्या खिशात घालून मागच्या गाडीने आला आणि तिकडे सासरे सगळ्या पुरुषांची तोंडं न्याहाळत बसले होते.

एवढी पुण्याई गाठीशी असल्यावर माणसाला मित्र किती असणार? निवृत्तीचा समारंभही त्यांनी हट्टाने वेळेवर सुरू करायला लावला. लोक पोचले तेव्हा तो संपला होता आणि कंट्रोलर स्वतःला मिळालेला हार घडी करून पिशवीत ठेवत होते.

एक माणूस मात्र त्यांचा होता. काशीराम ड्रायव्हर, रोह्याचे. वर्षानुवर्षं रोहा गाडी पेणला थांबायची तेवढा वेळ या दोघांची दोस्ती चालायची, तीही केबिनच्या खिडकीतून. कंट्रोलर खाली उभे, काशीरामदादा वर स्टिअरिंगवर. मुलीचं लग्न ठरलं, म्हैस व्याली, आई गेली, असल्या सगळ्या बातम्या त्यांनी एकमेकांना इंजिन चालू असताना सांगितल्या. वेळ झाली की कंट्रोलर वाक्य अर्धं तोडून शिट्टी मारायचे आणि काशीरामदादा उरलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी ऐकायचे.

दोघं मागेपुढे निवृत्त झाले. आता वेळच वेळ होता. काशीरामदादा मुद्दाम भेटायला पेणला आले, दोघं कंट्रोलरांच्या ओट्यावर बसले आणि घटकाभरात दोघांच्या लक्षात आलं की बोलायला काही सुचत नाही. मी कुंपणापलीकडून हे बघत होते. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि वहिनी, म्हणजे कंट्रोलरांची बायको, चहावर चहा आणत होत्या. शेवटी काशीरामदादा म्हणाले की चाक फिरत असलं तरच त्यांना बोलणं सुचतं. यातून ते ट्रेकचं खूळ निघालं. पहिल्या रविवारी त्यांना रोह्याहून येता आलं नाही, पण बातमी पोचली. दुसऱ्या रविवारी ते पहिल्या गाडीने हजर झाले.

"रिकामी गाडी सोडलीस म्हने," ते कंट्रोलरांना म्हणाले. "निदान ड्रायव्हर तरी घ्यायचा."

तेव्हापासून क्रम ठरला. काशीरामदादा सगळ्यांत पुढे, कंट्रोलर सगळ्यांत मागे आणि मधे आम्ही पाशिंजर. आम्ही म्हणजे मी, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणारा परशुराम आणि शाळेतले दोन मास्तर. आमच्या घरातल्या गृहस्थांनी दोन किल्ले केले आणि मग नागोठण्याच्या कंपनीत त्यांना अचानक दर रविवारी शिफ्ट लागू लागली. मी मात्र टिकले. आठवडाभर पाटावर वाकून पापड लाटणाऱ्या बाईला रविवारी ताठ उभं राहायला मिळत असेल, तर त्यासाठी ती डोंगरसुद्धा चढते. सुरगडावर पहिल्यांदा पोचले तेव्हा खाली नदी, शेतं, लांबवर कंपनीची धुराडी सगळं एकदम दिसलं आणि मला रडूच आलं. जन्म या मुलखात गेला होता, पण मी तो नेहमी गाडीच्या खिडकीएवढाच बघितला होता. कंट्रोलरांनी मला रडताना पाहिलं आणि सांगितलं की हा विनंती थांबा आहे, फार वेळ मिळणार नाही.

त्यांच्या ट्रेकला एसटीचे सगळे कायदे लागू होते. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन शिट्ट्या म्हणजे चला, कंडक्टरच्या घंटीसारखंच. कुणाची चप्पल तुटली की ब्रेकडाऊन. उतारावर धावणाऱ्याला ते न्यूट्रलमध्ये येऊ नको म्हणून दटावायचे. प्रत्येक थांब्यानंतर बोट रोखून डोकी मोजायचे आणि मगच डबल बेल द्यायचे. किल्ल्याचा इतिहास त्यांना विचारू नये. तळगड कुणी बांधला हे त्यांना माहीत नव्हतं, पण तिथून शेवटची गाडी किती वाजता आहे हे झोपेतही सांगितलं असतं.

काशीरामदादांचे कायदे वेगळे. नोकरीत ते रोज पहिली फेरी काढताना रोह्याच्या धावीर महाराजांच्या दिशेने हात जोडायचे आणि चाकाला जास्वंदीचं फूल वाहायचे. आता चाकं उरली नव्हती, म्हणून किल्ल्याच्या पायथ्याशी ते वाकून स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांना फूल लावायचे आणि ते फूल टोपीत खोवायचे. वाटेत शेंदूर फासलेला दगड दिसला की हात जोडायचे. मागून कंट्रोलरांची कुरकुर सुरू व्हायची की देवदर्शनाला या रूटवर स्टॉप नाही. स्वतः कंट्रोलर कुठल्या देवापुढे वाकल्याचं मी पाहिलं नव्हतं. ज्याच्या येण्याची वेळ कुठल्याच वेळापत्रकात लागलेली नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. काशीरामदादा यावर फक्त हसायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही अवचितगडावर गेलो. हा रोह्याजवळचा किल्ला, पायथ्याला मेढा गाव आणि वर जाईपर्यंत दाट रान. वर पाण्याची कोरीव टाकी आहेत आणि त्यांच्याजवळ महादेव. निघायची वेळ झाली, पण काशीरामदादांना पिंडीवर घालायला ताजं पाणी हवं होतं, म्हणून ते लोटी घेऊन टाक्याकडे उतरले. हे आमच्यापैकी कुणी नीट पाहिलं नाही. परशुराम त्याच्या मोजक्या विनोदांपैकी एक सांगत होता. कंट्रोलरांनी घड्याळ बघितलं, बोट रोखलं, चार डोकी मोजली, चारही भरली. दोन शिट्ट्या वाजल्या आणि आम्ही निघालो.

रानात पुढचा माणूस दिसत नाही. काशीरामदादा रोजच्यासारखे पुढे असणार, असं सगळेच धरून चाललो होतो. आज दादांनी टॉप गिअर टाकलाय, असं परशुराम म्हणालासुद्धा. मेढ्याला रस्त्यावर पोचलो, तर दादा नाहीत. तेवढ्यात पेणची गाडी समोर आली. काशा रोह्याच्या गाडीत बसून घरी गेला असणार, सांगून जायची पद्धत नाही का, असं म्हणून कंट्रोलर चिडले आणि आम्हाला गाडीत चढवलं.

सोमवारी सकाळी रोह्याच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरने स्टँडवर बातमी आणली. काशीरामदादा टाक्याच्या शेवाळावरून घसरले होते. घोट्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी गुरं शोधायला वर आलेल्या मेढ्याच्या दोघांनी त्यांना पाठुंगळी घेऊन खाली आणलं.

कंट्रोलर तसेच निघाले. त्यांचा चेहरा बघून वहिनींनी मला सोबत पाठवलं. रोह्याला काशीरामदादा पडवीत खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये. माझ्याशी चांगलं बोलले, घरात चहा सांगितला, पापडाची चौकशी केली. कंट्रोलर खाटेच्या पायथ्याशी उभे होते, पण त्यांना बस म्हटलं नाही. मग पायाकडे बघतच बोलले.

"पाय मोडला त्याचं काय नाय. हाडं मोडतात. पन वरून मी डबल बेल ऐकली, म्हात्रे. ड्रायव्हर सीटवर नाय आनि तू डबल बेल दिलीस?"

"मी डोकी मोजली होती," कंट्रोलर म्हणाले.

"पाशिंजरांची."

सगळी नोकरी कंट्रोलर पाशिंजर मोजून घेत आले होते. ड्रायव्हरला कुणी मोजत नाही. तो जागेवर नसेल तर गाडी हलायचीच नाही, मग त्याला मोजायचं कशाला? एसटीत ही चूक होऊच शकत नाही आणि म्हणून ती कंट्रोलरांच्या हातून झाली. काशीरामदादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आयुष्यभर उशिरा आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांकडून खुलासे मागणाऱ्या माणसाला स्वतःचा खुलासा काही देता आला नाही. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले आणि पेण येईपर्यंत त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मला त्यांची दया आली आणि रागही आला, कारण साधं 'चुकलो' म्हणायला गाडी फलाटाला लागावी लागत नाही.

ट्रेक बंद झाले. रविवारी सकाळी आळीत शिट्टी वाजेना आणि लोक उशिरापर्यंत झोपू लागले. कंट्रोलर मात्र पिशवी घेऊन पहाटे बाहेर पडायचे आणि दिवेलागणीला परतायचे. एकटेच किल्ले करत असतील, असं आम्ही धरून चाललो. रिकामी गाडी सोडायची त्यांना सवय होतीच.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट सुरू झाली. सोमवार आला की वहिनींकडून नारळाच्या वड्या यायच्या. एका सोमवारी वड्या, पुढच्या सोमवारी ओल्या नारळाच्या करंज्या, मग परत वड्या. आमच्या गृहस्थांचा पट्टा एक भोक पुढे सरकला. न राहवून मी वहिनींना विचारलं, तर त्या कावल्याच होत्या.

"दर रविवारी नारळ घेऊन जातात नि तसाच परत आनतात. न फोडता. देवाला शिळा चालत नाय म्हनून पुढच्या रविवारी नवा घेतात. आता हे देव कवापासून मानाया लागले, ते मला नको विचारू गो. मी आपली खोबरं किसते."

पुढच्या रविवारी मला रोह्याच्या एका दुकानात पापड पोचवायचे होते. मेढ्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून पाहिलं, तर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर कंट्रोलर बसलेले. मांडीवर पिशवी, गळ्यात शिट्टी. बूट इस्त्री केल्यासारखे स्वच्छ, म्हणजे हा माणूस डोंगर चढलेलाच नव्हता. संध्याकाळी मी परत येत होते तेव्हाही ते तिथंच होते. मी उतरले आणि शेजारी जाऊन बसले. वर गेला नाहीत का, असं विचारलं.

"ड्रायव्हर आला नाय."

"तुम्ही इथं बसता, हे काशीरामदादांना सांगितलंय का?"

"गाडीची वेळ त्याला ठावं हाय."

म्हणजे सांगितलं नव्हतं. हा माणूस इतके रविवार दुसऱ्याला कळू न देता त्याची वाट बघत होता आणि तो येत नाही म्हणून कुठं तक्रारही करत नव्हता. मी पिशवीतल्या नारळाबद्दल विचारलं. कंट्रोलर थोडे अवघडले, शिट्टीची दोरी चाळवत राहिले.

"वरच्या म्हादेवाला कबूल केलाय. काशा आला तर द्यायचा. देवाची नि माझी तशी वळख नाय, बाय. पन काशाची हाय."

मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. पेणची गाडी आली आणि आम्ही दोघं नारळासकट घरी आलो.

दोन दिवसांनी मी उगाचच पापडाचं निमित्त काढून रोह्याला गेले. काशीरामदादांचं प्लास्टर निघालं होतं, काठी घेऊन अंगणात चालत होते. मी त्यांना मोरीबद्दल सांगितलं, नारळाबद्दल सांगितलं, आमच्या गृहस्थांच्या पट्ट्याबद्दलही सांगितलं. त्यांना फक्त एकाच गोष्टीचं नवल वाटलं.

"थांबतो?" त्यांनी विचारलं. "म्हात्रे थांबतो?"

मी म्हटलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. मग ते पायाकडे बघून म्हणाले की अजून क्लच नीट दबत नाही. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

त्या रविवारी मी कंट्रोलरांबरोबर गेले. पापडाला ऊन चांगलं होतं, पण असू दे म्हटलं. मोरीवर बसलो. रोह्याकडून सकाळची गाडी आली, त्यातून दोन कोंबड्या आणि त्यांची मालकीण उतरली. नंतरच्या गाडीतून क्रिकेटची बॅट घेतलेली पोरं उतरली. प्रत्येक गाडी येताना कंट्रोलर उठून उभे राहायचे आणि ती गेली की बसायचे. दुपार झाली, आमची भाकरी खाऊन झाली, गावातल्या बाईने पाणी आणून दिलं. तिच्या बोलण्यावरून कळलं की गावाला आता त्यांची सवय झाली होती. शिट्टीवाले आजोबा आले म्हणजे रविवार, असं पोरं धरून चालतात.

ऊन कलल्यावर रोह्याकडून आणखी एक गाडी आली. आधी दारातून काठी बाहेर आली, मग पाय जपून खाली आला आणि मग काशीरामदादा. टोपीत जास्वंदीचं फूल होतं. त्यांनी पुढे मला सांगितलं की ते सकाळीच रोहा स्टँडवर येऊन बसले होते आणि एकामागून एक गाड्या सोडून देत होते, पाय गाडीच्या पायरीवर पडत नव्हता. गाडी निघून गेली आणि ते रस्त्यापलीकडे उभे राहिले.

"लई उशीर झाला काय रे?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाला कंट्रोलर काय उत्तर देतात हे अख्ख्या पेणला पाठ होतं. माझ्या जावेच्या भावाने ते मुंडावळ्यांसकट ऐकलं होतं. कंट्रोलर उठले. डावा हात, घड्याळाचा, त्यांनी पाठीमागे नेला.

"नाय रे," ते म्हणाले. "गाडी आत्ताच लागलीय."

उभ्या जन्मात त्यांनी खोटी सांगितलेली ही एकमेव वेळ, आणि तीसुद्धा भर रस्त्यात, साक्षीदार असताना. काशीरामदादा रस्ता ओलांडून आले. गुडघ्यांना फूल लावायला वाकू लागले तर वाकवेना. तेव्हा कंट्रोलरांनी त्यांच्या टोपीतलं फूल काढलं, खाली बसले आणि मित्राच्या दोन्ही गुडघ्यांना लावलं. मोडलेल्या घोट्यालाही लावलं. काशीरामदादांनी डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले.

वर गडापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. गावाबाहेरच्या पहिल्या चढापर्यंत जाऊ, तिथून गड दिसतो, तिथंच नारळ फोडू, महादेव एवढं समजून घेईल, असं काशीरामदादा म्हणाले. त्यांची ओळख असल्यामुळे आम्ही ते मानलं. ते काठी टेकत पुढे झाले, मी मधे, कंट्रोलर मागे. निघण्याआधी कंट्रोलरांनी बोट रोखून डोकी मोजायला घेतली. पहिलं बोट काशीरामदादांकडे गेलं, मग माझ्याकडे. मग दोन शिट्ट्या वाजल्या, पण काशीरामदादांनी मागे वळून मान हलवल्यावर.